दमल्यावरही हात चालला पाहिजे : गावात राहून फंक्शनल फिटनेस स्पर्धेची तयारी

एक किलोमीटर पळायचं, थांबायचं आणि अंगमेहनतीचं एक काम उरकायचं. ते झालं की पुन्हा एक किलोमीटर, पुन्हा दुसरं काम. असं आठ वेळा. हायरॉक्स नावाच्या स्पर्धेचा सांगाडा एवढाच आहे. २०१७ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गला ती सुरू झाली. सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक, मॉरिट्झ फ्यूर्स्टे, हा हॉकीत दोनदा ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलेला गडी. २०२५ च्या मे महिन्यात ही स्पर्धा मुंबईत आली आणि आमच्याकडे विदर्भात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या मोबाइलवर तिचे रील्स फिरायला लागले. "सर, हे आपल्याले जमते काय?" असं विचारणारे वाढले.

जमते. फक्त ज्या पद्धतीनं आपल्याकडे भरतीची तयारी चालते, त्या पद्धतीनं जमत नाही. कारण भरतीत १६०० मीटर एकदा जीव तोडून पळालं, गोळा फेकला की सुटलो. इथं जीव तोडून पळालेल्या माणसाला लगेच वजन ढकलायचं असतं आणि ते ढकलून पाय लटपटत असताना पुन्हा पळायचं असतं. दमलेल्या अंगाकडून नीट काम करून घेणं, ही खरी परीक्षा आहे.

फंक्शनल फिटनेस म्हणजे उचलणं, ढकलणं, ओढणं, वाहून नेणं, बसणं-उठणं, पळणं अशा रोजच्या कामातल्या हालचाली मोजूनमापून, घड्याळ लावून करणं. याच्या स्पर्धांचे ढोबळ दोन प्रकार. क्रॉसफिटच्या स्पर्धांत (पहिली २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका रँचवर झाली) काय करावं लागणार हे बऱ्याचदा ऐनवेळी कळतं. त्यात ऑलिंपिक पद्धतीचं वजन उचलणंही येतं, ते चांगल्या प्रशिक्षकाशिवाय शिकू नये. हायरॉक्समध्ये जगभर तेच काम, तोच क्रम. पेपर आधीच हातात असतो. गावात राहून तयारी करायची तर मला हा दुसरा प्रकार सोयीचा वाटतो, म्हणून पुढचं सगळं तोच डोळ्यासमोर ठेवून लिहितो.

तो पेपर असा आहे. आकडे खुल्या गटातले, कंसातले महिलांचे. पहिलं काम स्कीअर्गचं : उभं राहून दोन दोऱ्या वरून खाली ओढायचं यंत्र, १००० मीटर. मग स्लेड, म्हणजे वजन लादलेली लोखंडी घसरगाडी, १५२ किलोची (१०२) ५० मीटर ढकलायची. त्यानंतर १०३ किलोची (७८) स्लेड दोरानं ५० मीटर ओढायची. चौथं काम ८० मीटर बर्पी ब्रॉड जंप : छाती जमिनीला टेकवायची, उठायचं, पुढं उडी मारायची, पुन्हा आडवं व्हायचं. पाचवं, रोइंग मशीनवर १००० मीटर. सहावं, दोन्ही हातांत २४-२४ किलो (१६-१६) घेऊन २०० मीटर चालणं. सातवं, खांद्यावर २० किलोची (१०) वाळूची पिशवी घेऊन १०० मीटर लंज, म्हणजे लांब पाऊल टाकून गुडघे वाकवत पुढं जाणं, आणि प्रत्येक पावलाला मागचा गुडघा जमिनीला टेकलाच पाहिजे. शेवटचं वॉल बॉल : ६ किलोचा (४) चेंडू घेऊन पूर्ण बसायचं, उठता उठता तो भिंतीवरच्या उंच खुणेवर मारायचा, असं १०० वेळा. प्रत्येक कामाआधी एक किलोमीटर पळणं आहेच. हौशी माणसाला या सगळ्याला साधारण दीड तास लागतो. नियमात अधूनमधून बदल होतात, त्यामुळे नाव नोंदवताना चालू नियमपुस्तिका वाचून घ्या.

झरा आधी, मोटर नंतर

गावातली धडधाकट पोरं वजनाला घाबरत नाहीत. ती फसतात तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला. स्लेड ओढून झाली की छाती भात्यासारखी चालते आणि पळणं सुरूच होत नाही, चालणं होतं. याचं कारण स्नायूंना ऊर्जा कशी मिळते त्यात आहे.

स्नायूंकडे ऊर्जेच्या तीन वाटा असतात. पहिली साठवणीतली, जोरात उडी, एकदम धाव, अशा कामाला ती दहाएक सेकंद पुरते. दुसरी साखरेवर चालते आणि तिला लगोलग ऑक्सिजन लागत नाही. मिनीट-दोन मिनिटं जोराचं काम ती रेटून नेते, पण मग पाय जड होतात, जळजळ होते. तिसरी वाट ऑक्सिजनवर चालणारी. ती सावकाश असते, पण तासन्‌तास चालते आणि मुख्य म्हणजे पहिल्या दोन वाटांवर झालेला खर्च तीच भरून काढते. पाच एचपीची मोटर बसवली पण विहिरीला झरा नाही, तर अर्ध्या तासात मोटर हवा ओढायला लागते. ताकद ही मोटर. ही तिसरी वाट म्हणजे झरा. आपल्याकडे सगळे मोटर विकत घ्यायच्या मागे असतात.

इथंच एक गैरसमज मोडून टाकू. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. हे ॲसिड शरीरात लॅक्टेटच्या रूपात असतं आणि लॅक्टेट हे शरीराचं इंधन आहे. हृदय आणि इतर स्नायू ते वापरतात, आणि व्यायाम थांबल्यावर तासाभरात ते पूर्वपदावर येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचं असतं. त्यामुळे "ॲसिड काढायला" दुखऱ्या पायानं पुन्हा जोरात पळण्यात काही अर्थ नाही.

झरा वाढतो सावकाश पळण्यानं. किती सावकाश? सोबत्याला कालच्या ग्रामसभेत कोण कोणावर ओरडलं हे पूर्ण वाक्यांत सांगता आलं पाहिजे, इतकं. तोडून तोडून बोलावं लागत असेल तर वेग जास्त आहे. भरतीवाल्या पोरांना हे सांगणं सगळ्यात अवघड जातं. त्यांना रोज १६०० मीटर घड्याळ लावून पळायची सवय असते आणि हळू पळणं म्हणजे टंगळमंगळ वाटते. पण आठवड्यातल्या पळण्यापैकी बहुतेक भाग असाच हळू हवा. एक दिवस मात्र जोराचा : १ किलोमीटर नेटानं, दोन-तीन मिनिटं चालणं, असं चार-पाच वेळा. ताज्या पायांनी जो १ किलोमीटर ४ मिनिटांत काढतो, त्यानं स्पर्धेत पाच-सव्वापाच मिनिटांचा वेग धरावा. आठही किलोमीटर त्याच वेगानं निघाले, तर पहिल्याच फेरीत पुढं पळालेले बरेच जण त्याला शेवटी भेटतात.

हाताशी तीन-चार महिने असतील तर आठवडा साधारण असा बसतो : तीन दिवस पळणं (दोन हळू, एक जोराचं), दोन दिवस ताकदीचे आणि एक दिवस मिसळीचा. मिसळीच्या दिवशी ८०० मीटर किंवा १ किलोमीटर पळून लगेच एक काम, पुन्हा पळणं, पुन्हा काम. सुरुवातीला तीन फेऱ्या खूप झाल्या. शेवटच्या महिन्यात सहापर्यंत जावं. पूर्ण आठ फेऱ्यांची स्पर्धा घरी करून बघायची खाज सुटते. एकदा करा, फार तर दोनदा, आणि तेही स्पर्धेच्या किमान तीन आठवडे आधी. सातव्या दिवशी आराम, म्हणजे खरोखर आराम.

वावरातलं काम मोजायचं की नाही

"दिवसभर वावरात राबते पोट्टं, त्याले अजून काय व्यायाम पाहिजे?" हा घरातल्या मोठ्यांचा प्रश्न चुकीचा नाही. शेतातल्या कामानं पकड, पाठ, चिवटपणा हे सगळं येतं. शहरातल्या जिमवाल्याला ते वर्षभर घासून मिळत नाही. पण शेतातलं काम दिवसभर एका संथ लयीत चालतं, नाडी फारशी चढत नाही. दीड तास चढलेल्या नाडीवर काम करायची सवय त्यातून लागत नाही, ती वेगळी लावावी लागते.

दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. शेतातलं काम हा शरीरावरचा भार आहे आणि तो हिशेबात धरलाच पाहिजे. सोयाबीन सोंगणीचा दिवस म्हणजे कंबरेतून वाकून काढलेला अख्खा दिवस. त्या संध्याकाळी लंज आणि डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन वाकून उचलणं) करणारा माणूस मेहनती असतो खरा, पण पंधरा दिवसांत कंबर धरून बसतो. कापूस वेचणी चालू असताना बोटं बोंडाच्या टोकांनी फाटलेली असतात. त्या हातांनी दोर ओढायचा सराव करू नये. म्हणून वर्षाचं वेळापत्रक शेताच्या वेळापत्रकावर बसवा. पेरणीचा जून आणि सोंगणीचा ऑक्टोबर यांत फक्त हळू पळणं आणि थोडंसं ताकदीचं काम, तेवढं टिकवलं तरी पुष्कळ. डवरणी उरकल्यावरचे मोकळे दिवस आणि डिसेंबरनंतरची थंडी हे जोर लावायचे दिवस. ज्या दिवशी शेतात जड काम झालं, त्या दिवशीचा ताकदीचा व्यायाम झाला असं वहीत सरळ लिहून टाकायचं. वही ठेवाच. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजून तीत लिहायची; नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त सलग दोन-तीन दिवस दिसले, तर अंग अजून सावरलेलं नाही किंवा ताप येऊ घातला आहे.

जिम नाही, बंडी आहे

विदर्भाला व्यायामाचं वावडं कधीच नव्हतं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकानं तिथं देशी खेळ करून दाखवले होते. गावोगावच्या आखाड्यातले जोर आणि बैठका हे बर्पी आणि वॉल बॉलचे उत्तम पूर्वतयारीचे व्यायाम आहेत. ज्याला एका दमात पन्नास बैठका नीट जमतात, त्याला वॉल बॉल शिकायला फार वेळ लागत नाही.

साहित्य बहुतेक घरचं चालतं. २०० मीटर वजन वाहून नेण्यासाठी २० लिटरच्या दोन कॅन घ्या. पाण्यानं भरल्या की डब्यासकट एकवीस किलोच्या आसपास जातात, ओली वाळू घातली की २४ होतात. वजन दुकानातल्या काट्यावर तपासून घ्या. लंजसाठी युरियाच्या रिकाम्या पोत्यात वाळू भरायची, पण आधी वाळू प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून मग पोत्यात घाला, नाहीतर शिवण उसवून मानेवर वाळू गळत राहते आणि घामात ती सोलते. भरलेलं युरियाचं पोतं ४५ किलोचं असतं. ते थेट खांद्यावर घेऊन लंज मारायचा मर्दानीपणा कृपा करून करू नका. वॉल बॉलला जुन्या बास्केटबॉलमध्ये चीर पाडून वाळू आणि तांदळाचा कोंडा भरतात, वरून पंक्चरवाल्याकडून चिकटवून घेतात. वजन ६ किलो भरलं की झालं. शाळेच्या भिंतीवर पुरुषांसाठी ३ मीटरवर आणि महिलांसाठी २ मीटर ७० सेंटिमीटरवर खडूची खूण करा, हेडमास्तरांना विचारून.

स्लेडचं काम जरा बारकाईनं बघण्यासारखं आहे. ओढायला ट्रॅक्टरचं टाकाऊ टायर बरं. दहा-बारा मीटरचा दोर बांधायचा, गुडघ्यात किंचित वाकून उभं राहायचं आणि टायर आपल्याकडे खेचायचं. नवशिका फक्त दंडानं खेचतो. वीस मीटरला त्याच्या मुठी सुटतात. दोर ताणून धरून अंगाचा भार मागं टाकायचा, दोन-तीन पावलं मागं जायचं, मग हातांनी ढील गोळा करायची. विहिरीवर मोठी बादली शेंदणाऱ्या बायका हेच करतात : हात दोर धरून ठेवतात, काम कंबर आणि पाय करतात. स्पर्धेत मागं सरकायला आखून दिलेली चौकट असते, तिच्या बाहेर पाय गेला की दंड. त्यामुळे घरीही जमिनीवर फक्कीनं चौकट आखून सराव करा.

ढकलण्यासाठी रिकामी बंडी, म्हणजे बैलगाडी, हलक्या चढावर चालते. जुवाजवळ एक जण उभा पाहिजे आणि उतारावर हा प्रयोग करायचा नाही. हात सरळ, डोकं खाली, अंग तिरपं आणि पावलं छोटी छोटी. एक नियम पक्का लक्षात ठेवा. थांबलेली वस्तू हलवायला जेवढा जोर लागतो, त्यापेक्षा हलणारी हलती ठेवायला कमी लागतो. म्हणून स्लेड मुंगीच्या पावलानं का होईना, चालू ठेवायची. दर पाच मीटरला थांबून दम खाणारा माणूस प्रत्येक वेळी तो पहिला महागडा धक्का पुन्हा देतो. स्पर्धेत स्लेड गालिच्यावर असते, घर्षण आपल्या काळ्या मातीपेक्षा वेगळं लागतं. त्यामुळे शक्य असेल तर एकदा तरी जिल्ह्याच्या ठिकाणी खऱ्या स्लेडला हात लावून या. रोइंग आणि स्कीअर्ग या यंत्रांना तर गावात पर्यायच नाही. सायकलची ट्यूब निंबाच्या फांदीला बांधून वरून खाली ओढली की खांद्यांना सवय होते, पण यंत्राची लय यंत्रावरच कळते. महिन्यातून दोन फेऱ्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या जिमला मारा.

ऊन, सिकलसेल आणि खर्रा

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या पुढं जातो. या दिवसांत व्यायाम पहाटेच. अंगाला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात : घाम लवकर सुटायला लागतो, घामातलं मीठ कमी होतं, रक्तातला पाण्याचा भाग वाढतो. तोवर रोजचं काम निम्मं ठेवा. लांब सरावाला साखर-मिठाचं पाणी पुरतं : एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पळणारा माणूस असंबद्ध बोलायला लागला, अडखळायला लागला, तर तो दमलेला नसून त्याला ऊन लागलं आहे असं समजा. सावलीत आडवं करून अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा. ओतणं आधी, गाडी नंतर.

सिकलसेलबद्दल बाहेरची पुस्तकं थोडक्यात आटोपतात, पण आपल्या भागात हा विषय बाजूला ठेवता येत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्यापासून यवतमाळपर्यंत अनेक कुटुंबांत सिकलसेल हा रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आहे. 'एसएस' म्हणजे आजार असलेल्यानं अशा स्पर्धेचा विचार डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करूच नये. 'एएस' म्हणजे वाहक असलेला माणूस एरवी ठणठणीत असतो, खेळूही शकतो. पण कडक उन्हात, पाणी न पिता, सवय नसताना एकदम जीव तोडून मेहनत केली तर वाहकांतही रक्तपेशींचा आकार बदलून स्नायूंचा रक्तपुरवठा अडतो आणि जिवावर बेतल्याची उदाहरणं आहेत. अशा वेळी पायात गोळा आल्यासारखं घट्ट होत नाही. पाय एकाएकी गळून जातात, माणूस शुद्धीत असून खाली बसतो. त्याला "ऊठ, पळ" म्हणून ओरडायचं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते. तयारी सुरू करण्याआधी ती करून घ्या, आणि वाहक निघालात तर भार हळू वाढवा, दोन फेऱ्यांमध्ये विश्रांती जास्त घ्या, तापात-जुलाबात सराव बंद ठेवा आणि प्रशिक्षकाला सांगून ठेवा. यात लपवण्यासारखं काही नाही.

वाहक नसलेल्यांनाही एक इशारा. फार दिवसांनी एकदम शेकडो बैठका किंवा बर्पी काढल्यावर लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली, तर ते स्नायू फुटून मूत्रपिंडावर भार येण्याचं लक्षण असतं. घरगुती उपाय न करता त्याच दिवशी दवाखान्यात जा.

आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. त्यातल्या निकोटिननं नाडी आणि रक्तदाब दोन्ही चढतात, म्हणजे पळायला सुरुवात करण्याआधीच तुम्ही थोडे पळालेले असता. दिवसाला चार पुड्या चघळून महागडी प्रोटीन पावडर पिणारे मी पाहिले आहेत. त्यांच्याशी पावडरीवर चर्चा करण्यात माझा वेळ जातो, एवढंच.

पावडरीशिवाय भागतं का? भागतं. जोराचा सराव करणाऱ्याला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दीड ग्रॅमच्या थोडं वर प्रथिनं पुरतात. ६० किलोच्या पोराला साधारण ९५ ग्रॅम. दिवसभरातल्या ज्वारीच्या भाकरीतून पंचवीसेक, वाटीभर घट्ट तुरीच्या वरणातून पंधराएक (पातळ वरणातून नाही, पातळ वरण म्हणजे पाणी), अर्धा लिटर दुधातून सोळा, ५० ग्रॅम सोयाबीन वडीतून पंचवीस, आणि मूठभर शेंगदाणे व दोन अंडी धरली की वीस. झाले शंभर. भाकर-भात कमी करून "डाएट" करण्याचं खूळ मात्र या स्पर्धेला मारक आहे, कारण दीड तासाचं जोराचं काम पिष्टमय पदार्थांवरच चालतं. मुलींनी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. ते १२ च्या खाली असेल तर आधी त्याचा इलाज. कमी रक्तावर कितीही पळालं तरी दम वाढत नाही.

डोक्याची तालीम

मनाची तयारी म्हटलं की लोक जोशपूर्ण भाषणं ऐकवतात. भाषणाचा जोश पहिल्या स्लेडपर्यंत टिकतो. उपयोगी पडतात ते आधी घेऊन ठेवलेले निर्णय, कारण दमलेला मेंदू वाईट निर्णय घेतो. नाडी चढलेली असताना "थांबू का?" हा प्रश्न पडला की उत्तर नेहमी "थांब" असंच येतं. म्हणून तो प्रश्न पडायलाच जागा ठेवायची नाही. वॉल बॉल शंभर आहेत, तर ते पहिल्यापासून दहा-दहाचे करायचे आणि प्रत्येक दहानंतर चार श्वास, हे घरीच ठरवायचं. चाळीसपर्यंत एका दमात जाऊन मग कोसळणाऱ्यापेक्षा असा माणूस लवकर मोकळा होतो.

त्याचप्रमाणे वाईट प्रसंगांची यादी करून प्रत्येकापुढं एक कृती लिहा. पंचानं एखादा वॉल बॉल मोजला नाही, तर वाद न घालता पुढच्याला अजून खाली बसायचं. पोटात कळ आली, तर पन्नास पावलं चालायचं, लांब श्वास सोडायचे, मग पळायचं. बुटाची नाडी सुटली, तर पळण्याच्या मार्गावर न थांबता कामाच्या जागी जाऊन बांधायची. हे वाचायला बाळबोध वाटतं. पण अडचण आल्यावर 'आता काय' असं होण्याऐवजी पुढची कृती आपोआप सुचते, हा त्याचा फायदा.

स्वतःशी बोलणं आपल्या बोलीतच असू द्या. "कम ऑन, यू कॅन डू इट" म्हणून आमच्या पोरांचा पाय उचलत नाही. स्वतःला नावानं हाक मारून, दुसऱ्याला सांगावं तसं बारकं काम सांगायचं : "गोलू, पावलं बारीक. गोलू, खांदे सैल सोड." नावानं बोललं की माणूस स्वतःच्या हालाकडे जरा बाहेरून बघू शकतो. आणि सूचना शरीराच्या एखाद्या भागाला उद्देशून असली की ती लगेच पाळता येते. "हार मानू नको" पाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

स्पर्धेआधी तोंडाला कोरड पडते, हात गार होतात, तीन-तीनदा लघवीला जावं लागतं. याला भीती म्हणा किंवा तयारी. शरीरात दोन्ही वेळेला तेच घडत असतं. "मी घाबरलो" ऐवजी "अंग पेटायला लागलं" असं मनाशी म्हटलं तर तीच धडधड कामाला येते. तरी फारच झालं तर श्वास घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ लावायचा. दोन मिनिटांत नाडी थोडी खाली येते.

आता जे कोणी फारसं बोलत नाही ते. गावातला मुलगा पहिल्यांदा त्या भव्य एसी हॉलमध्ये जातो तेव्हा अर्धा तिथंच हरतो. कानठळ्या बसवणारं संगीत, सगळ्या घोषणा इंग्रजीत, शेजारच्याच्या पायात पंधरा हजारांचे बूट, मनगटावर घड्याळ आणि अंगाला नवाकोरा संच. आपण इथं कशाला आलो, असं वाटायला लागतं. याची तालीम आधी करता येते. सगळ्या कामांची इंग्रजी नावं, क्रम आणि प्रत्येकाचा नियम तोंडपाठ करा, म्हणजे घोषणा कळली नाही तरी अडत नाही. एखादा मिसळीचा सराव गर्दीत करा : गावच्या यात्रेच्या दिवसांत भोंगा वाजत असताना, पोरं हसत असताना. रात्री डोळे मिटून स्पर्धा मनात चालवा, पण सिनेमातली नको. सातव्या फेरीत मांड्या भरून आल्या आहेत आणि तरी मी गुडघा टेकवतो आहे, अशी चालवा. आणि ध्येय तीन ठेवा : सगळं जुळून आलं तर ही वेळ, साधारण दिवस असेल तर ही, आणि काहीच जमलं नाही तरी प्रत्येक हालचाल नियमात आणि शेवटपर्यंत. नंबराचं ध्येय ठेवू नका. शेजारचा कसा पळतो ते आपल्या हातात नाही.

मुलींना याच्या आधीची एक लढाई असते, ती म्हणजे पहाटे रस्त्यावर पळायला मिळणं. दोघी-तिघींचा गट, ठरलेला रस्ता, घरच्यांपैकी कोणीतरी एकदा सोबत येऊन बघितलेलं, एवढं झालं की बहुतेक घरं सैल पडतात. आणि पहिल्या वेळी एकटीनं किंवा एकट्यानं पूर्ण स्पर्धा करण्याचा हट्ट कोणीच धरू नये. जोडीच्या गटात पळायचं दोघांनी पूर्ण असतं पण कामं वाटून घेता येतात. चौघांच्या रिलेत तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन किलोमीटर आणि दोनच कामं येतात. नोंदणीची रक्कम हजारांत असते, तीही चौघांत वाटली जाते.

शेवटचे दिवस

स्पर्धेच्या आधीच्या दहा दिवसांत दम वाढत नाही, फक्त थकवा वाढू शकतो. सराव निम्म्यावर आणा, वेग मात्र तोच ठेवा. नाहीतर अंग सुस्तावतं. नवे बूट, नवं खाणं, मित्रानं दिलेली पावडर, यातलं काहीही आता नाही. आदल्या रात्री झोप लागत नाही म्हणून धास्तावू नका, ती कोणालाच लागत नाही. त्याच्या आधीच्या दोन-तीन रात्री पोटभर झोपा. मुंबईला जायचं असेल तर रात्रीच्या गाडीनं उतरून थेट स्पर्धेला उभं राहू नका, एक मुक्काम मध्ये हवाच. तिथली दमट हवा आपल्या कोरड्या हवेपेक्षा वेगळी. घाम वाळत नाही, अंग लवकर तापतं. आदल्या रात्री भात-वरण, तेल कमी. सावजीचा रस्सा विजयानंतर. सकाळी स्पर्धेच्या तीन तास आधी साधे पोहे आणि केळी, तर्रीशिवाय.

संपल्यावर लगेच बसकण मारू नका, दहा मिनिटं चाला, मिठाचं काहीतरी खा, तासाभरात जेवा. परतीच्या गाडीत बारा-चौदा तास पाय दुमडून बसायचं आहे, तेव्हा दर तासाला डब्यात एक फेरी मारा आणि खालचा बर्थ मिळाला तर पाय थोडे उंच ठेवून झोपा. घरी आल्यावर तीन-चार दिवस जिने उतरताना मांड्या बोलतील. त्या आठवड्यात नुसतं चालणं, फार तर सायकल. आणि फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचं काम घरच्या दुसऱ्या कोणाकडे असू द्या, हे जायच्या आधीच ठरवून जा.